शिसं भरलेले डबे

प्रज्ञेश पाईकरावाला किळस फार लवकर येते. चहाच्या कपाच्या कडेला दुसऱ्याच्या ओठाचा डाग दिसला की तो कप तसाच ठेवून उठतो. एसटीत उभं राहावं लागलं तर वरच्या दांड्याला रुमालातून धरतो. पंगतीत शेजारचा माणूस बोटं चाटायला लागला की याचं जेवण तिथंच संपतं. आणि हाच माणूस हिंगोलीत गेली कित्येक वर्षं लोकांच्या कवळ्या बनवतो.

हे कसं झालं ते आधी सांगायला हवं. त्याचं गाव शिरड शहापूर. वडील लवकर गेले, आई मिराबाई लोकांच्या शेतात निंदणी-खुरपणीला जायची. पोरगं लहानपणापासून असंच. घरात स्वतःचा पेला वेगळा ठेवायचं, ओळखू यावा म्हणून त्यावर खिळ्यानं ओरखडा काढलेला. एके दिवशी मिराबाईनं तो पेला उचलला आणि अंगणात भिरकावला.

"तुज्या आज्याला हाटेलात कप येगळा ठेवत व्हते," ती म्हणाली. "भाईर कुडाला टांगलेला. त्यानं तो कप कदी तोंडाला लावला न्हाई, तसाच मेला. आन तू घरातल्या घरात येगळा पेला मागून राहिला?"

पोरानं पुन्हा कधी वेगळा पेला मागितला नाही. किळस मात्र गेली नाही. ती चेहऱ्यावर न दाखवता गिळायची, एवढंच तो शिकला.

बारावीनंतर त्याला कुणीतरी दातांच्या तंत्रज्ञाचा डिप्लोमा सुचवला. या कामात पेशंटचं तोंड बघावं लागत नाही, बंद खोलीत बसून प्लास्टरचे साचे कोरायचे, असं त्या माणसानं सांगितलं होतं. प्रज्ञेशला ते पटलं. त्याचा हात बारीक कामाचा होता. मेणाचा दात कोरून दिला तर मास्तरांना खरा कोणता ते क्षणभर कळत नसे. शिकून तो हिंगोलीत आला, एका स्टेशनरीच्या दुकानामागची खोली भाड्यानं घेतली आणि लॅब थाटली.

पण लॅबमध्ये साचे येतच नाहीत. येतात ते ठसे. डॉक्टर पेशंटच्या तोंडात गुलाबी लगदा भरलेला ट्रे दाबतात, तो घट्ट झाला की काढतात आणि पिशवीत घालून पाठवून देतात. ट्रे धुवून पाठवायचा असतो. कुणी धुवत नाही. प्रज्ञेश पिशवी उघडतो तेव्हा आत थुंकीचा थर असतो, रक्ताचे दोरे असतात, दाढेच्या खळग्यात सुपारीची खांडं अडकलेली असतात. एकदा भाताचं शीत निघालं होतं. खोलीत नळ नाही. मागच्या सामाईक टाकीवरून तो बादली भरून आणतो, मोजे घालतो, श्वास रोखतो आणि ट्रे धुतो. मग त्यात प्लास्टर ओततो. घट्ट झालेल्या प्लास्टरात माणसाचं सगळं तोंड उमटलेलं असतं. झिजलेल्या दाढा, वाकडे सुळे, गुटख्याची पुडी खाऊन आवळलेले गाल. पुडीवाल्यांचा ठसा तर अर्धवटच येतो, कारण त्यांचं तोंड दोन बोटांच्या वर उघडत नाही. रस्त्यात भेटणाऱ्या चांगल्या कपड्यातल्या माणसांची तोंडं आतून कशी आहेत हे त्याला ठाऊक असतं आणि ते ठाऊक नसतं तर बरं झालं असतं, असं तो बायकोला अनेकदा म्हणाला आहे.

त्याची बायको सपना नरसी नामदेवच्या उपकेंद्रात नर्स आहे. ती त्याच्या या बोलण्याला फारशी किंमत देत नाही.

छोट्या आगगाडीच्या डब्यांचा नाद त्याला नेमसिंगमुळे लागला. नेमसिंग हा हैदराबादहून दातांचं सामान घेऊन येणारा विक्रेता, मूळचा कळमनुरीकडचा. दर महिन्याला त्याची चक्कर असे. एकदा त्याच्या बॅगेत कवळीच्या अॅक्रिलिक पावडरीच्या डब्यांसोबत एक चपटं खोकं होतं. त्याच्या भाच्यानं परदेशातून मागवलेलं, अर्धवट सोडून दिलेलं. आत मालगाडीच्या एका डब्याचे सुटे भाग होते: प्लास्टिकच्या चौकटीला पानांसारखे चिकटलेले दरवाजे, छत, शिड्या, ब्रेकचा दांडा, चिमूटभर चाकं. भाच्याला कंटाळा आला, तुमचा हात बारीक आहे, बघा जमतं का, असं नेमसिंग म्हणाला.

प्रज्ञेशनं खोकं उघडलं आणि पहिल्यांदा वासच घेतला. कोऱ्या प्लास्टिकचा वास. त्या भागांना कुणाचं तोंड लागलेलं नव्हतं. त्यानं दात कोरायच्या बारीक पात्यानं एकेक भाग चौकटीपासून कापला, कडा घासल्या, चिमट्यानं धरून जोडला. काम संपेपर्यंत त्याला कशाचीच किळस आली नाही. हे त्याच्या स्वतःच्याच लक्षात आलं, तेव्हा तो जरा चकित झाला.

पुढच्या चकरेला नेमसिंगनं भाच्याचं इंजिन, थोडे रूळ आणि आणखी तीन खोकी आणली. घरातल्या बाहेरच्या खोलीत एका फळीवर लांबट गोल मार्ग तयार झाला. पण गाडी सुरू केली की पहिल्याच वळणावर डबे आडवे पडत. जोडलेला डबा दिसायला देखणा होता, पण हातात घेतला तर रिकाम्या काडेपेटीसारखा. इंजिनानं ओढलं की मधले डबे वळणाच्या आतल्या बाजूला खेचले जात आणि चाकं रुळावरून उचलली जात. इतक्या नीट केलेल्या वस्तूनं असं लुळं पडावं याचा त्याला वीट आला.

मग त्यानं मोबाईलवर हे काम करणाऱ्या लोकांचे व्हिडिओ बघितले. डब्याला वजन द्यावं लागतं. किती द्यायचं ते डब्याच्या लांबीवरून ठरतं. त्याचे डबे वितीहून जरा कमी लांबीचे होते, म्हणजे प्रत्येकी सव्वाशे ग्रॅमच्या आतबाहेर. ते वजन छताला चिकटवून चालत नाही, नाहीतर डबा डोक्यानं जड होऊन कलंडतो. तळाशी हवं, दोन्ही टोकांना चाकांच्या वर सारखं वाटलेलं हवं. गाडीतले सगळे डबे आपापल्या लांबीच्या मानानं जड हवेत, नाहीतर जड डबा हलक्याला ओढून पाडतो.

त्यानं आधी लोखंडी वायसर भरले. ते सुटले आणि आत खुळखुळायला लागले. वाळू भरली तर ती फटीतून गळून चाकांच्या आसात गेली. शेवटी त्याला हवी ती वस्तू दवाखान्यातच सापडली. स्टेशनकडचे एक वयस्कर डॉक्टर अजून दाताचा एक्स-रे जुन्या पद्धतीच्या फिल्मवर काढतात. त्या फिल्मच्या पाकिटात शिशाचा पातळ पत्रा असतो, पानाएवढा मऊ. फिल्म धुतली की पत्रा कचऱ्यात जातो. प्रज्ञेशनं तो मागून घेतला. पाकीट तोंडात ठेवतात, पत्रा त्याच्या आत असतो, त्याला थुंकी लागत नाही. हे त्याला माहीत होतं. तरी तो प्रत्येक पत्रा साबणानं धुवायचा, स्पिरिटनं पुसायचा आणि मगच घड्या घालून डब्याच्या तळाशी दाबून चिकटवायचा. सपनानं एकच अट घातली. शिसं विषारी असतं, ते वितळवायचं नाही, मोजे घालायचे आणि स्वयंपाकघरात आणायचं नाही. त्यानं ती पाळली. पत्रा लॅबमध्येच बसवायचा, पावडर तोलायच्या छोट्या काट्यावर डबा ठेवायचा आणि आकडा जुळेपर्यंत घड्या कमी-जास्त करायचा.

वजन भरलेली गाडी पहिल्यांदा वळणावरून गेली तेव्हा आवाजच बदलला होता. आधी टकटक करत उड्या मारणारे डबे आता एका सुरात घरंगळत गेले. सपनाही हातातलं काम सोडून बघायला आली आणि चांगलं झालं म्हणाली.

नेमसिंगच्या पुढच्या चकरांत डबे बारा झाले. त्यानंतर प्रज्ञेश परदेशी रंगाचे डबे आपल्याकडच्या मालगाडीच्या तपकिरी रंगात रंगवायला लागला. रविवारी सकाळी स्टेशनवर जाऊन मालधक्क्यावर लागलेली खताची गाडी बघायचा. गंज कुठून सुरू होतो, दरवाज्याखाली पांढरी पावडर कशी ओघळते, ते बघून घरी येऊन तसंच उतरवायचा. स्टेशनवरची एक गोष्ट मात्र तो उतरवत नसे. तिथं प्रत्येक डब्याच्या अंगावर, खांबाच्या बुडाशी, जिन्याच्या कोपऱ्यात लाल पिचकाऱ्या होत्या. व्हिडिओतले लोक म्हणत, जसं दिसतं तसं करा. प्रज्ञेशनं ते एवढ्यापुरतं ऐकलं नाही. त्याची गाडी स्वच्छ राहिली.

सपनाचा धाकटा भाऊ स्वप्निल हा रामकिशनभाऊंचा कार्यकर्ता. रामकिशनभाऊ म्हणजे नगरपालिकेच्या निवडणुकीला उभं राहायची तयारी करणारे, चौकाचौकात ज्यांचे फलक असत असे गृहस्थ. मोठ्यानं हसणारे, कुणाच्याही खांद्यावर हात टाकणारे. उन्हाळ्याच्या सुरुवातीला स्वप्निल एक ट्रे घेऊन लॅबमध्ये आला आणि दार लावून म्हणाला की हे भाऊंचं आहे, कुणाला कळता कामा नये. समोरचे वरचे चार दात गेले होते. फलकावर हसायला दात पाहिजेत. प्रज्ञेशनं ट्रे धुतला. इतका घाणेरडा ठसा त्यानं त्या वर्षात पाहिला नव्हता. हिरड्या ठिकठिकाणी फाटलेल्या, मागच्या दाढांवर किटणाचा दगड. त्यानं श्वास रोखून काम केलं आणि चार दात असे बसवले की ते उपरे आहेत हे कुणाला सांगूनही पटू नये. पुढच्या फलकावर भाऊ दिलखुलास हसले. त्या फलकाखालून जाताना प्रज्ञेशला बरं वाटलं. आपलं काम चौकात लागलंय, असं तो सपनाला म्हणालाही.

भाऊंचा वाढदिवस आला त्या दिवशी प्रज्ञेश सामान आणायला नांदेडला गेला होता. दिवस कलायच्या सुमारास परतला तर फळी मोकळी. रूळ नाहीत, इंजिन नाही, बारा डब्यांपैकी एकही नाही. सपनानं सांगितलं की स्वप्निल घेऊन गेला. वाढदिवसाला केकभोवती आगगाडी फिरवायची त्यांची कल्पना होती, उद्या आणून देतो म्हणाला. भावाला नाही कसं म्हणायचं. प्रज्ञेशनं पिशवी खाली ठेवली आणि डब्यांचं रिकामं खोकं घेऊन कळमनुरी रस्त्यावरच्या मंगल कार्यालयात गेला.

आत डीजे चालू होता. मधोमध मोठ्या टेबलावर तीन मजली केक होता आणि त्याच्याभोवती त्याची गाडी फिरत होती. प्रत्येक डब्यावर भाऊंचा फोटो चिकटवला होता. तपकिरी रंगावर, गंजाच्या बारीक छटांवर, छपाईचे चकचकीत कागद फेव्हिकॉलनं थापलेले. पोरांनी एकमेकांच्या तोंडाला केक फासायला सुरुवात केली होती आणि मलईचे गोळे रुळावर पडत होते. डबे त्यातून जात होते. इंजिनाच्या चाकांना मलई गुंडाळली जाऊन गाडी अडखळायला लागली, तसं कुणीतरी बोटानं ढकललं. दोन डब्यांचा तळ उचकटलेला होता. आत काय भरलंय ते बघायला कुणीतरी स्क्रू ड्रायव्हर घातला असावा. शिशाची एक घडी केकशेजारी पडली होती.

फोटोवाला भाऊंना म्हणाला की इकडे बघा. भाऊंच्या तोंडात पुडी होती. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. समोरून छत नसलेला उघडा डबा चालला होता, कोळसा वाहायचा असतो तसला. भाऊ वाकले आणि त्यात थुंकले. मग रुमालानं ओठ पुसून, प्रज्ञेशनं केलेले चार दात दाखवत, फोटोसाठी हसले. आजूबाजूचे लोकही हसले. डबा तो लाल रस घेऊन केकच्या पलीकडे गेला, वळला आणि पुन्हा समोर आला. वजन बरोबर असल्यामुळे पडला नाही.

प्रज्ञेशनं गाडीचं बटण बंद केलं आणि डबे उचलून खोक्यात भरायला लागला. मलईनं हात बरबटले. उघडा डबा त्यानं टेबलावरच्या कागदी रुमालात गुंडाळला. स्वप्निल धावत आला, दाजी, दाजी करत. भाऊंनी हा कोण म्हणून विचारलं.

"डबे माझे हायती," प्रज्ञेश म्हणाला.

भाऊ रागावले नाहीत. उलट खुश झाले. त्यांनी केक लागलेला हात प्रज्ञेशच्या खांद्यावर टाकला, काय कला आहे पाईकराव तुमच्या हातात, म्हणाले आणि फोटोवाल्याला दोघांचा फोटो काढायला सांगितलं. त्यांना खरंच काही वावगं वाटलेलं नव्हतं. प्रज्ञेशला थुंकण्यापेक्षा त्या आनंदाचीच जास्त शिसारी आली.

लॅबमध्ये बसून त्यानं डबे धुतले. फोटो निघता निघेनात. निघाले तिथं रंगही सोबत आला. अकरा डबे तरी हाताशी लागले. बारावा त्यानं तीनदा साबणानं, मग स्पिरिटनं धुतला. शिड्यांच्या खाचेत सुपारीचा एक कण होता, तो सुईनं काढला. डबा स्वच्छ झाला होता, काहीच दिसत नव्हतं. तरीही त्याला तो हातात धरवेना. शेवटी त्यानं तो लॅबच्या कचऱ्यात टाकला, चाकांसकट, शिशासकट. चाकं चांगली होती. तीसुद्धा त्याला नको होती.

तिसऱ्या दिवशी घरी भांडण झालं. सपनाचं म्हणणं, एका खेळण्यापायी त्यानं तिच्या भावाला चारचौघांत खाली बघायला लावलं. प्रज्ञेश थुंकीचं सांगायला लागला तेव्हा ती उसळली नाही, शांतपणे म्हणाली, "मी रोज लोकायची उलटी धुते, बाळंतिनीचं रगत धुते. मला किळस करून चालतं का? तुमाला एवढ्याशा लाल पान्यापायी दोन दिवस जेवन जाईना. किळस बी ज्याला परवडती तोच करतो."

ती बोलली ते खरं होतं असं त्याला वाटलं आणि तरी जेवण गेलं नाही.

महिनाभरात स्वप्निल पुन्हा आला. भाऊंच्या वडिलांच्या नावानं वाचनालय होणार होतं. त्यात मोठी, कायमची आगगाडी करायची, लहान मुलं बघायला येतील. प्रज्ञेशनं ती करून दिली तर नव्या व्यापारी संकुलात लॅबसाठी गाळा मिळवून द्यायचं भाऊंनी कबूल केलं होतं. गाळ्यात नळ होता, बेसिन होतं. सपनानं त्या बेसिनचं ऐकलं आणि ती गाळा घ्यावा या बाजूची झाली. बादल्या वाहून त्याची कंबर धरायची, ते ती बघत होती. दाजींनी झालं गेलं विसरावं, असं स्वप्निल म्हणाला.

प्रज्ञेश भाऊंच्या कार्यालयात गेला तो होकार द्यायलाच. निदान सपनाला त्यानं तसंच सांगितलं होतं. भाऊंनी चहा मागवला. कप आला, त्याच्या कडेला तपकिरी ओघळ वाळलेला होता. प्रज्ञेशनं कप हातात धरून ठेवला.

"गाडी मस्त हाय तुमची," भाऊ म्हणाले. "पण लय हळू पळती."

"मालगाडी हाय भाऊ. ती हळूच पळती."

"त्यात शिसं भरलंय म्हणं तुमी. ते काढून टाका. हलकी झाली की सुसाट जाईल. उद्घाटनाच्या व्हिडिओत मजा आली पायजे."

"हलका डबा वळणावर पडतो."

"पडला तर उचलू. दोन्ही बाजूनी पोरं बसवू आपली. त्याची काय तकलीफ हाय?"

प्रज्ञेश त्यांच्या तोंडाकडे बघत होता. चार दात तीन-चार महिन्यांतच विटकरी झाले होते. कडांना काळी रेघ बसली होती. पांढरा रंग जुळवायला त्यानं दोन दिवस घालवले होते, खिडकीच्या उजेडात नमुने धरून. तेच दात आता त्या तोंडातल्या बाकीच्या दातांसारखे दिसत होते, वेगळे ओळखू येत नव्हते. त्याला वाटलं, आपण गाडी करून दिली तर तीही वर्षभरात अशीच होईल. खाचांत कागद, रुळांवर पुड्यांचे तुकडे, आणि आपलं काम कोणतं आणि त्यांची घाण कोणती हे सांगता येणार नाही.

"मी न्हाई करत, भाऊ," तो म्हणाला.

"काहून?"

"तुमी माझ्या डब्यात थुंकलात."

खोलीतल्या चार-पाच माणसांत बसलेला स्वप्निल जमिनीकडे बघायला लागला. भाऊ कपाळाला आठ्या घालून आठवायला लागले. ढोंग नव्हतं ते.

"कवा?" त्यांनी विचारलं.

प्रज्ञेशनं कप टेबलावर ठेवला आणि उठला. त्या माणसाला आठवतच नव्हतं. थुंकणं त्याच्या हिशेबी कधी घडलंच नव्हतं.

यानंतर व्हायचं ते झालं. गाळा दुसऱ्याला मिळाला. भाऊंच्या ओळखीतल्या एका डॉक्टरनं लॅबला काम पाठवणं बंद केलं. कारण विचारलं तर हल्ली पेशंटच कमी आहेत म्हणाले. स्वप्निलनं बहिणीकडे येणं सोडलं, राखीलाही आला नाही. सपना नवऱ्याशी कामापुरतं बोलायची. मिराबाई गावाहून आली होती, तिला सगळं समजलं. तिनं सुनेची बाजू घेतली. तोंडावर न बोलता काम नाकारता आलं असतं, असं तिचं म्हणणं. प्रज्ञेश रोज ट्रे धुवायचा, प्लास्टर ओतायचा, संध्याकाळी अकरा डब्यांवरचे ओरखडे बुजवायचा. एकेका डब्याचा तळ पुन्हा बसवून, पुन्हा काट्यावर ठेवून, पुन्हा आकडा जुळवायचा.

निवडणुकीचे अर्ज भरायचे दिवस आले. एका दुपारी लॅबच्या दारात ऑटो थांबला आणि भाऊ एकटेच उतरले, तोंडावर रुमाल धरून. दार लोटून आत आले, रुमालाची घडी टेबलावर ठेवली आणि उघडली. चार दातांची पट्टी मधोमध मोडली होती. सुपारी चावताना, असं ते म्हणाले. पण समोरचे दात नसल्यामुळे शब्द फुसफुसत होते आणि ओठ आत गेल्यामुळे ते वयानं फार मोठे दिसत होते. त्यांचे डॉक्टर लग्नाला परगावी गेलेले. उद्या मिरवणुकीनं अर्ज भरायचा होता.

प्रज्ञेशनं त्या रुमालाकडे पाहिलं. ओला होता. त्याला नाही म्हणता आलं असतं. त्यानं मोजे चढवले, चिमट्यानं दोन्ही तुकडे उचलले आणि बादलीकडे गेला. ब्रश घेऊन त्यानं ती काळी रेघ खरवडली, इतका वेळ की भाऊंनी अजून किती म्हणून विचारलं. मग तुकडे जुळवून मेणानं धरले, मागून प्लास्टर दिलं आणि फटीत अॅक्रिलिक भरलं. जोड घट्ट व्हायला वेळ लागणार होता. भाऊ स्टुलावर बसून राहिले. बोलायची सवय असलेला माणूस, पण तोंड उघडायची लाज वाटत होती. टेबलाच्या कडेला एक डबा वाळायला ठेवलेला होता. भाऊंनी हात पुढं केला.

"हात धुऊन या," प्रज्ञेश म्हणाला. "मागं टाकी हाय."

भाऊ उठले आणि टाकीवर गेले. परत आले तेव्हा ओले हात पँटला पुसत होते. प्रज्ञेशनं त्यांना स्वच्छ फडकं दिलं आणि मग डबा. भाऊंनी तो तळहातावर तोलला.

"एवढुसा हाय आन किती जड," ते फुसफुसले.

"लागतो तेवढाच हाय."

थोड्या वेळानं भाऊ आपणहून बोलायला लागले. तिखट अजिबात खाता येत नाही, बायको भाकर दुधात कुस्करून देते, जांभई आली तर जबडा दुखतो. प्रज्ञेशला हे सगळं त्या ठशावरून आधीच कळलेलं होतं. हे तोंड नांदेडला नेऊन दाखवा, थांबू नका, असं त्यानं सांगितलं. निवडणूक होऊन जाऊ द्या, म्हणाले भाऊ. प्रज्ञेशला क्षणभर त्यांची दया आली. किळस तिच्या शेजारी जशीच्या तशी होती.

दात जोडून, घासून, चमकवून त्यानं हातात दिले. भाऊंनी ते बसवले, भिंतीवरच्या आरशात बघून हसले, खांद्यावर हात टाकला आणि निघाले. पायरीवर थांबून त्यांनी खिशातून पुडी काढली आणि तिचा कोपरा त्याच चार दातांनी फाडला. तुकडा पायरीवर थुंकला. ऑटो गेला.

प्रज्ञेश आत आला. त्यानं टेबल पुसलं, रुमाल चिमट्यानं उचलून कचऱ्यात टाकला, डबा पुन्हा स्पिरिटनं पुसला. मग बादली घेऊन पायरी धुतली.

भाऊ निवडून आले. वाचनालय झालं नाही, त्या जागेवर आता चारचाकी गाड्या उभ्या असतात. त्या डॉक्टरचं बंद झालेलं काम हळूहळू पुन्हा सुरू झालं, कारण हिंगोलीत एवढं बारीक काम करणारं जवळपास कुणी नव्हतं. स्वप्निल दिवाळीला आला, फराळ करून गेला, गाडीचा विषय त्यानं काढला नाही आणि प्रज्ञेशनंही काढला नाही. सपनाला अजूनही वाटतं की गाळा घ्यायला हवा होता. ती ते बोलून दाखवते. बादल्या मात्र अधूनमधून सुट्टीच्या दिवशी तीच भरून ठेवते.

गेल्या महिन्यात नेमसिंगनं टाकीचा डबा आणून दिला, तेल वाहून नेतात तसला गोल. त्याला वजन देणं अवघड आहे. तळ सपाट नसतो, शिशाची घडी गोलाईत बसत नाही, सरकते आणि डबा एका अंगाला झुकतो. प्रज्ञेशनं पत्र्याच्या अरुंद पट्ट्या कापून एकीवर एक आडव्या चिकटवून पाहिल्या. डबा सरळ उभा राहिला, पण वळणावर अजून डुलतो. त्या पट्ट्या काढून दोन्ही टोकांकडे जाड आणि मध्ये पातळ अशा पुन्हा लावायच्या, असं सध्या चाललं आहे.